अम्मींची पितळी डबी

अम्मी ज्वारीची भाकरी चहात बुडवून खाऊ लागल्या तेव्हा आम्हा दोघी जावांना त्यात काही वावगे वाटले नाही. वय झाले, चावत नसेल, एवढेच मनात आले. मग त्यांनी भाजलेला हरभरा सोडला. पेरू सोडला. बोकड ईदच्या दिवशी बोटीचा तुकडा तोंडात घोळवून हळूच ताटाच्या कडेला ठेवताना मोठीने पाहिले आणि धाकटीला डोळ्याने खूण केली. आम्ही हसलो. ते हसणे आज आठवले की बरे वाटत नाही.

हा लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. लेखणी धाकटीची, कारण तिचे शिक्षण मराठी शाळेतून बारावीपर्यंत झाले; आठवणी दोघींच्या. आमचे घर अमडापूरला, चिखली-खामगाव रस्त्यावरचे गाव. मोठीचे मालक शेती पाहतात, सोयाबीन आणि तूर. धाकटीच्या मालकांचे शिलाईचे दुकान आहे. सासरे जाऊन नऊ वर्षे झाली. घरात अम्मींचा शब्द चालतो आणि चालावा असेच आम्हाला वाटते. वय अडुसष्ट. साखरेचा आजार बारा वर्षांपासून, रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून.

अम्मींचे माहेर घाटाखालचे, संग्रामपूर तालुक्यातले. बुलढाणा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख घाटावरचा की घाटाखालचा अशी असते. अमडापूर घाटावर. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो, तो पुढे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरला आहे. विहिरीचे, बोअरचे पाणी खारट. अम्मी सांगतात, त्यांच्या लहानपणी त्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि चहा फाटत असे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या कितीतरी घरांत किडनीचा आजार आहे, हे आता वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वान धरणाचे गोडे पाणी योजनेतून अनेक गावांना मिळू लागले, पण ज्यांचे अर्धे आयुष्य आधीच्या पाण्यावर गेले ते लोक अजून आहेत. अम्मींचे मोठे भाऊ, आमचे मामूजान, त्यांपैकी एक. त्यांचे डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षे झाली.

म्हणून आमच्या घरात किडनी हा शब्द नवा नव्हता. पण किडनीचा संबंध आम्ही पाण्याशी जोडायचो, फार तर साखरेशी. तोंडाशी कधीच नाही.

माहेराहून अम्मींनी आणलेल्या वस्तूंपैकी एक म्हणजे झाकणाची छोटी पितळी डबी. त्यात मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचे. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर, रात्री निजताना. तवा चढला की घरभर खकाणा उठायचा, पोरे खोकत अंगणात पळायची. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, त्यावर अम्मी फार खूश झाल्या होत्या. पुरुषांच्या वाईट सवयींवर त्या तासभर बोलू शकतात. मशेरी मात्र त्यांच्या लेखी तंबाखूत मोडतच नव्हती, ते दात घासायचे औषध होते. आमच्या समाजात, आणि आमच्याच का, शेजारच्या पाटलांच्या आजीकडेही तशीच डबी आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांचा उजवीकडचा खालचा जबडा ठणकू लागला. चिखलीला दातांच्या डॉक्टरकडे जाऊ, असे मोठीचे मालक दोनदा म्हणाले. अम्मींचे उत्तर ठरलेले. ‘कुछ नै होता. दाढ काढली की डोळ्याची नजर जाते.’ हा समज इतका पक्का, की त्यांच्या एका चुलत बहिणीला दाढ काढल्यावर मोतीबिंदू झाला याचा दाखला त्या देत. मोतीबिंदू तर त्यांच्या ज्या मैत्रिणींच्या साऱ्या दाढा शाबूत आहेत त्यांनाही झाला, हे कुणी सांगायचे?

मग गोळ्या सुरू झाल्या. औषधाच्या दुकानातून नातवाला पाठवून ‘दात दुखतो, गोळी द्या’ एवढे सांगितले, की पाकिटावर नाव नसलेल्या दोन गोळ्या सुट्या मिळत. एक पिवळी, एक पांढरी. दुखणे थांबे. दोन दिवसांनी पुन्हा ठणका, पुन्हा नातू. हे श्रावणापासून दिवाळीपर्यंत चालले. कधी रोज, कधी दिवसाआड. दुकानदाराने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही, की खाणाऱ्या बाईला साखर आहे, रक्तदाब आहे, वय अडुसष्ट आहे. दोष एकट्या दुकानदाराला देऊन आम्हाला मोकळे होता येणार नाही.

थंडीच्या सुरुवातीला अम्मींच्या पायांवर सूज दिसली. चप्पल घट्ट होऊ लागली, मोजे काढले की कातडीवर रबराचा खोल वळ राही. भूक मेली. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणायच्या आणि आम्ही ते मशेरीवर ढकलायचो. सकाळच्या नमाजला उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा. चिखलीच्या डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासायला सांगितली. क्रिएटिनिन २.१ आले. लघवीतून अल्ब्युमिन जात होते. कागदावर शेवटी एक आकडा होता, ईजीएफआर २५. तो काय असतो हे आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा तो अंदाज. तरुण, निरोगी माणसात नव्वदीच्या वर असतो, साठच्या खाली तीन महिने राहिला तर किडनीचा जुनाट आजार म्हणतात, पंधराच्या खाली गेला की डायलिसिसची गोष्ट निघते. अम्मी ऐकत होत्या. बाहेर आल्यावर एसटीच्या थांब्यावर त्या एकच वाक्य बोलल्या, ‘भाईजानसारखं माझं पण होणार का?’

मोठीची मुलगी डी. फार्मसी करते. ती सुट्टीत घरी आली आणि तिने अम्मींच्या उशाखालच्या डब्यातल्या गोळ्या पाहिल्या. सुट्या गोळ्यांवरून तिला काही सांगता येईना, पण एकदा दुकानदाराने पाकिटाचा कापलेला तुकडा दिला होता, तो सापडला. डायक्लोफेनॅक. पोरीचा चेहराच उतरला. तिने आम्हाला समजावले ते असे: किडनीत रक्त नेणारी बारीक नळी उघडी ठेवायला शरीर काही रसायने बनवते. ही वेदनाशामके नेमकी तीच रसायने बनू देत नाहीत. तरुण माणसाने दोन दिवस घेतली तर किडनी निभावून नेते. पण वय झालेले, साखर असलेले, रक्तदाबाची औषधे चालू असलेले शरीर असेल तर किडनीचा रक्तपुरवठा आखडतो आणि महिनोन्‌महिने असे झाले तर नुकसान कायमचे होऊ शकते. म्हणजे जो दात ‘काढला तर नजर जाईल’ म्हणून जपला, त्याच्यापायी किडनी पणाला लागली होती.

अकोल्याच्या किडनीतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत नाडी पाहण्याआधी अम्मींना तोंड उघडायला लावले. आम्हाला नवल वाटले. बॅटरी पाडून त्यांनी हिरड्या पाहिल्या. काळपट, सुजलेल्या, काही दातांची मुळे अर्धी उघडी. बोटाने हलवले तर तीन दात हलले. ते म्हणाले, ‘गोळ्या आजपासून बंद. पण गोळ्या का लागल्या, ते मूळ तोंडात आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय मला पुढचे काम करता येणार नाही.’

चिखलीच्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी जे सांगितले ते आम्ही घरी येऊन वहीत लिहून ठेवले. हिरडी आणि दात यांच्या मध्ये निरोगी माणसातही एक बारीक फट असते, दोन-तीन मिलिमीटरची. दातावर जमणारा चिकट थर रोज निघाला नाही तर त्यात जंतू वाढतात, थर कडक होऊन दगडासारखा होतो, ब्रशने तो निघत नाही. हिरडी सुजते, फट खोल होते, पाच-सहा मिलिमीटरचा खिसाच तयार होतो. खिशाच्या तळाशी जंतू हाड पोखरत राहतात. दुखत नाही. हीच त्यातली वाईट गोष्ट आहे. दुखू लागते तेव्हा हाड बरेच गेलेले असते. त्यांनी अम्मींच्या दाताभोवती बारीक सळई घालून मोजले, आकडे बोलत गेल्या आणि सहायक मुलगी लिहीत गेली. चार, सहा, सात, पाच. एका ठिकाणी आठ.

‘या सगळ्या खिशांच्या आतली जखम कापून सपाट पसरली तर तीन-चार रुपयांची नाणी शेजारी शेजारी ठेवल्याएवढी होईल,’ मॅडम म्हणाल्या. ‘एवढी चिघळलेली जखम तुमच्या हातावर असती तर तुम्ही किती दिवस थांबला असता?’

अम्मी गप्प राहिल्या.

त्या जखमेतून चावताना, दात घासताना जंतू रक्तात उतरतात. शरीर त्यांच्याशी लढत राहते, आणि दिवसरात्र चाललेल्या या लढाईची रसायने रक्तातून सगळीकडे फिरतात. दोन्ही किडन्यांत मिळून वीस लाखांच्या आसपास गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला जे बाधते ते तिथे आधी जाणवते. उलटही होते. किडनी थकली की रक्तातली घाण वाढते, प्रतिकारशक्ती उतरते, तोंड कोरडे पडते, लाळ बदलते, हाडांतला कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बिघडतो आणि हिरड्यांचा आजार बळावतो. तोंडाला लोखंडी चव येणे, श्वासाला उग्र वास येणे हे किडनीचे लक्षण असू शकते. आम्ही ते मशेरीवर ढकलले होते.

यावर परदेशात बरेच संशोधन झाले आहे. आमच्या फार्मसीवालीने दोन अभ्यास वाचून दाखवले, ते इथे देतो, कारण ऐकीव गोष्टींवर आमचाही आता भरवसा उरलेला नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्य पाहणीतल्या तेरा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. हा अभ्यास २०१६ साली छापला गेला. किडनीचा जुनाट आजार असलेल्यांत, हिरड्या ठीक असतील तर दहा वर्षांत शंभरातले सुमारे ३२ जण दगावले. हिरड्यांचा आजारही असेल तर सुमारे ४१. किडनीच्या आजारासोबत मधुमेह असेल तर ४३. म्हणजे हिरड्यांचा आजार साखरेच्या आजाराच्या जवळपास येऊन उभा राहतो. २०२१ साली त्याच विद्यापीठाने सातशेहून अधिक किडनीच्या रुग्णांवरचा अभ्यास मांडला. हिरड्यांची सूज १० टक्क्यांनी वाढली तर किडनीचे काम सुमारे ३ टक्क्यांनी घटते, आणि किडनीचे काम १० टक्क्यांनी घटले तर हिरड्यांची सूज २५ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा हिशेब आहे.

हे ऐकून मोठी लगेच म्हणाली, मग दात साफ केले की किडनी बरी होणार! मुलीने तिला थांबवले. हिरड्यांवर उपचार केल्याने डायलिसिस टळते असे अजून सिद्ध झालेले नाही. दोन्ही आजार हातात हात घालून चालतात एवढे नक्की, आणि दोघांच्या मागे साखर, तंबाखू, रक्तदाब हे तेच ते साथीदार असतात. साखरेच्या बाबतीत मात्र पुरावा अधिक ठोस आहे. हिरड्यांचा नीट उपचार झाला की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ ने उतरते. आकडा लहान दिसतो, पण तो गोळी न वाढवता उतरतो, आणि साखर उतरली की किडनीवरचा एक भार कमी होतो.

अम्मींचे उपचार चार बैठकांत झाले. आधी साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणावा लागला. मग सुन्न करून हिरड्यांखालचा दगड खरवडला. तीन दात काढले. नजर जिथे होती तिथेच आहे. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितले तेवढेच. प्रतिजैविकाचा डोस मॅडमनी किडनीच्या डॉक्टरांना फोन करून ठरवला. आम्ही किडनीचे रिपोर्ट सोबत नेले होते म्हणून हे झाले. कितीजण दाताच्या डॉक्टरकडे जाताना लघवीचा रिपोर्ट नेतात? आणखी एक गोष्ट तिथे कळली. रक्तदाबासाठी दिली जाणारी अम्लोडिपिनसारखी गोळी काही जणांच्या हिरड्या फुगवते. अम्मींची तीच गोळी होती. किडनीतज्ज्ञांनी ती बदलून दिली. मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी तीनदा बजावले.

साफसफाईनंतर पहिले पंधरा दिवस कठीण गेले. दातांच्या मध्ये फटी दिसू लागल्या, थंड पाणी झोंबू लागले आणि अम्मींनी घर डोक्यावर घेतले. ‘या बाईने माझे दात पोकळ केले!’ खरे तर त्या फटी आधीपासूनच होत्या, दगडाने बुजलेल्या. भिंत पडायला आलेली असताना मातीच्या ढिगाने तग धरून राहावी तसे. शेजारणींनीही तेल ओतले, की दात साफ केले की हलायला लागतात. आम्ही दोघी त्या दिवसांत फार बोलणी खाल्ली.

त्याहून कठीण मशेरी सोडणे. डोके दुखणे, चिडचिड, रात्री झोप नाही. तंबाखूने हिरड्या मागे सरकतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सगळे त्यांना सांगून झाले होते. उपयोग शून्य. शेवटी मामूजानच्या फोनने काम केले. त्यांचा एक दात डायलिसिसच्या दिवशी काढता आला नव्हता, कारण मशीनवर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि त्या दिवशी रक्तस्राव थांबत नाही. दुसऱ्या दिवशी जावे लागले. दोन दिवस मशीन आणि दात, दात आणि मशीन. भाऊ बहिणीला म्हणाले, ‘मी आठवड्यातून तीन दिवस त्या खुर्चीत असतो. तू नको येऊस.’ फोन ठेवल्यावर अम्मींनी डबी चुलीत उलटी केली. धूर झाला, आम्ही सगळे खोकलो. त्यानंतरही दोनदा त्यांनी चोरून शेजारून चिमूट मागून आणली, हे त्यांना न सांगता इथे लिहीत आहोत.

घासण्याचा प्रश्न निघाला तेव्हा अम्मींनी मिस्वाक पुढे केली. हज करून आलेल्या नातलगांनी दिलेली पीलूची काडी त्यांच्याकडे होती आणि फज्रच्या वुजूला त्या ती वापरत. मिस्वाक सुन्नत आहे, ती आम्ही कशी नाकारणार? दातांच्या मॅडमनीही नाकारली नाही. त्या म्हणाल्या, जरूर करा, पण टोक रोज नवे चावून मऊ करा, वाळलेल्या खरखरीत टोकाने हिरडी सोलते. आणि मिस्वाक असो की ब्रश, दोन दातांच्या मध्ये दोन्ही पोहोचत नाहीत. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बोटाएवढा बारीक ब्रश मिळतो, तो फटीत घालायचा. तेच वुजूचे. दिवसातून पाच वेळा तीन-तीन चुळा आपण भरतो, तोंड ओले आणि ताजे राहते, खाल्लेले निघून जाते. पण चिकट थर चुळेने सुटत नाही. आपण पाच वेळा तोंड धुतो म्हणजे आपले तोंड स्वच्छच, असे आम्हीही समजत होतो.

आता रमजानची गोष्ट. फेब्रुवारीत पुन्हा तपासले तेव्हा क्रिएटिनिन १.६ वर आले होते, ईजीएफआर ३५. गोळ्या थांबल्याने किती, साखरेने किती, हिरड्यांनी किती, हे डॉक्टरांनाही वेगळे करून सांगता आले नाही. अम्मींना वाटले, आता बऱ्या झालो, रोजे ठेवू. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटले. दिवसभर पाण्यावाचून, इन्सुलिन आणि अर्धवट किडनी घेऊन, हा खेळ नाही. अम्मी रडल्या. कळायला लागल्यापासून त्यांनी आजारपणाखेरीज रोजा सोडला नव्हता. धाकटीचे मालक मशिदीच्या इमामसाहेबांना घरी घेऊन आले. ते दारातच बसले आणि म्हणाले, आजारी माणसाला सवलत अल्लाहनेच दिली आहे, ती नाकारण्याचा हट्ट कशासाठी? बरे होण्याची आशा नसेल त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवू घालावे. अम्मींनी त्याच संध्याकाळी गहू मोजून ठेवला. तरीही पूर्ण महिना त्या सहेरीला आमच्यासोबत उठल्या, चुलीपाशी बसल्या आणि आम्ही रोजाची नियत केली की तोंड फिरवून आपली गोळी घेतली. आम्ही रोजे ठेवणाऱ्यांनी सहेरीनंतर अजानच्या आधी आणि तरावीहनंतर झोपताना, असे दोन वेळा ब्रश ठरवून घेतले. घरातली पोरेही त्यात आली. रोजात तोंडाला वास येतो म्हणून दात घासायचेच नाहीत असे काहींच्या डोक्यात असते, ते मूळ मसल्यात नाही.

पाण्याबद्दल एक सांगून टाकतो. अम्मी आजारी पडल्या हे कळताच भेटायला आलेल्या प्रत्येकाने ‘भरपूर पाणी पाजा, नारळपाणी द्या’ असे सांगितले. किडनी अर्धी थकलेली असते तेव्हा नारळपाण्यातले पोटॅशियम साचू शकते आणि सूज असताना पाणीही मोजून घ्यावे लागते. किती, ते त्या त्या माणसाचा डॉक्टरच सांगेल. आम्ही नारळ परत नेणाऱ्या पाहुण्यांचा राग ओढवून घेतला. लोणचे आणि पापडही बंद, त्यावर तर घरात अजून रुसवे चालतात.

खर्चाचे म्हणाल तर, मामूजानचे डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. अम्मींच्या हिरड्यांचा खर्च आमच्या खिशातून गेला, एका हंगामाच्या तुरीतून. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारावे, अनेक ठिकाणी दंतचिकित्सक असतात. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालये आहेत. साखर किंवा रक्तदाब असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा होते, त्याच दिवशी त्यांना तोंड उघडायला सांगितले तर त्याला पैसे पडत नाहीत. थुंकीत रक्त, भाकरीच्या तुकड्यावर लाल डाग, हलणारा दात, चहात बुडवलेली भाकरी.

काढलेल्या तीन दातांच्या जागी अम्मींना काढता-घालता येणारी कवळी बसवली आहे. रात्री ती काढून धुऊन पाण्याच्या वाटीत ठेवायची असते. पहिल्या रात्री ती वाटी पाहून सगळ्यात धाकटा नातू किंचाळला होता, आता तोच आठवण करतो.

मागच्या आठवड्यात खाला, म्हणजे अम्मींच्या धाकट्या बहीण, घाटाखालून चार दिवस राहायला आल्या. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी सवयीने हात पुढे केला आणि खिडकीतली पितळी डबी उघडली. आत तीन रंगीत दांडीचे बारीक ब्रश. खाला डबीकडे पाहत राहिल्या, मग अम्मींकडे. ‘हे काय?’

‘आधी तू तोंड उघड,’ अम्मी म्हणाल्या आणि मोठीला बॅटरी आणायला सांगितली.

खालांचा डावीकडचा एक दात हलतो आहे. गोळ्या त्याही खातात, सुट्याच. परवा शनिवारी त्यांना चिखलीला न्यायचे ठरले आहे. दाताच्या मॅडमकडे आणि त्याआधी उपाशीपोटी रक्त द्यायला.